भोपळे, नग चौदा

आक्षेप क्रमांक सहा:
भोपळे, नग चौदा, रुपये चार हजार नऊशे.
खाद्यपदार्थांवरील खर्च अनुज्ञेय नाही.
वसूल करावा.

फाईल टेबलावर आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती
आणि माझ्या डब्यात, शपथेवर सांगतो,
भोपळ्याचीच भाजी होती.

लेखा शाखा आणि सांस्कृतिक शाखा
एकाच मजल्यावर, मध्ये एक पाण्याचा पिंप,
सख्य विळ्याभोपळ्याचं.
विजयनगराहून मिरज शेअर रिक्षानं वीस मिनिटं.
स्थळपाहणीचा आदेश निघायला अकरा दिवस.

गल्लीत पाय टाकला तर भुसा, लाखेचा वास,
आणि आढ्याला टांगलेले भोपळे,
माणसाच्या डोक्याहून मोठे,
मंगळवेढ्याकडच्या मळ्यांतून आलेले,
वाळून वाळून कागदाइतके हलके.
दस्तगीर सतारमेकरनं शिडी लावून एक उतरवला,
माझ्या ओंजळीत ठेवला.
"शिजवून बघा, साहेब. कडू आहे. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत."
तो हसला नाही. मीही नाही.
मग त्यानं बोटाच्या पेरानं एकदाच टिचकी मारली
आणि आत कुणीतरी दार उघडून
"कोण?" म्हणाल्यासारखं झालं.

गणितात भोपळा मिळाला की वडील म्हणायचे,
आत काहीच नाही तुझ्या.
आत काहीच नव्हतं,
म्हणून तर.

अर्जात एक रकाना होता, कार्यक्रमाचा प्रकार.
लोककला, शास्त्रीय, अल्पसंख्याक, इतर.
एकाच चौकटीत खूण करावी.
मंडळाच्या सचिव सुवार्ता भोरे,
मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळीच्या परिचारिका,
यांनी चारही चौकटींत खुणा केल्या
आणि समासात, सुईसारख्या बारीक अक्षरात:
चौकटी लहान आहेत.

मेळा जानेवारीत झाला, किल्ला भागात, शाळेच्या पटांगणात.
मी नव्हतो. माझ्याकडे फोटो आहेत,
पोस्टकार्ड आकाराचे, तीन प्रतींत, साक्षांकित.
एकात यल्लाप्पा रेणके संबळ घेऊन,
एकात आदगोंडा मगदूम कानडी भजनासाठी डोळे मिटून,
एकात पांढऱ्या साड्यांतल्या सात नर्सबाया,
नाताळचं उरलेलं गाणं म्हणताना.
शेवटी कव्वाली. तिच्यात म्हणे
यल्लाप्पानं न विचारताच ठेका धरला
आणि कव्वालानं वळून नुसती मान हलवली.
ते फोटोत नाही.
आणि बाजूच्या वर्गात चौदा पोरं,
एकेक भोपळा मांडीवर घेऊन, तंबोरा बांधायला शिकणारी.

मंजूर पन्नास हजार. पोचले पंचवीस,
एकतीस मार्चला, रात्री साडेनऊला.
तोवर मंडपवाल्याचे पैसे
सुवार्ताबाईंनी भिशीतून फेडले होते.
भिशीची पावती नसते.
भिशीबद्दल मी काही लिहिलेलं नाही.

टिपणी लिहिली: प्रत्यक्ष पाहणी केली. वस्तू खाद्य नाही.
"गाते" लिहिलं, खोडलं.
"नादनिर्मितीसाठी आवश्यक कच्चा माल" लिहिलं.
वरून शेरा आला: पुरावा जोडावा.

म्हणून दस्तगीरकडून एक मागून आणला,
लाल फितीनं बांधला,
चिठ्ठी लावली: जोडपत्र अ,
आणि कपाटावर ठेवला.
सहानंतर पंखे बंद झाले
की रस्त्यावरून कोल्हापूरची एसटी जाते,
खिडकीच्या काचा थरथरतात
आणि तो आपला स्वतःशीच
किंचित हुंकारतो.

काल उशिरा बसलो होतो.
लेखापरीक्षक घोरपडेबाई पर्स विसरल्या म्हणून परत आल्या.
मी फायलींच्या ढिगामागे, त्यांना दिसलो नाही.
त्यांनी इकडंतिकडं पाहिलं,
टाचा उचलल्या,
भोपळ्याला नखानं एक टिचकी मारली.
थांबल्या.
मग कान जवळ नेऊन, आणखी एक.

आक्षेप क्रमांक सहा अद्याप प्रलंबित आहे.
आज सकाळी सातवा आला, अक्षर त्यांचंच:
भोपळा, नग एक, या कार्यालयात कोणत्या नोंदीने आला,
खुलासा करावा.
तोपर्यंत हलवू नये.